छोट्या लाइनीवरच्या घरांना पत्र

बडोद्यातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते, आणि ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी कधीकाळी छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, नोकरीला होतं अशी सगळी मंडळी, यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र प्रतापनगर स्टेशनाविषयी आहे. आपले आजी-आजोबा त्या बाजूला गोया गेट म्हणायचे. विनंती एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढं वाचलं तरी पुरे. येत्या गणेशोत्सवात आपापल्या मंडळाची एक संध्याकाळ या स्टेशनाला द्या. ऑर्केस्ट्रा नको, बाहेरचा वक्ता नको. घरात पडून असलेले जुने पास, फोटो, पुठ्ठ्याची तिकिटं, गणवेशाची बटणं घेऊन लोकांनी यावं. ज्यांना आठवतं त्यांनी बोलावं आणि कुणीतरी ते लिहून घ्यावं.

आता कारण सांगते.

गेल्या पावसाळ्यात मी चांदोदला निघाले होते. प्रतापनगरहून सकाळची मेमू धरली. समोर कॉलेजातला एक मुलगा येऊन बसला, दांडिया बाजारातला, आपल्यातलाच. बोलता बोलता त्यानं विचारलं, "आजी, ही लाइन स्टॅच्यूसाठीच टाकली ना?"

त्याला दोष कसा द्यायचा? त्यानं पाहिली ती गाडी अलीकडची. १७ जानेवारी २०२१ ला सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळच्या केवडियाचं, म्हणजे आताच्या एकतानगरचं, स्टेशन सुरू झालं, त्याच दिवशी डभोई आणि चांदोदच्या नव्या इमारतींचंही उद्घाटन झालं, आणि प्रतापनगरहून केवडियाला विजेवरची मेमू धावायला लागली. तेव्हा हा मुलगा शाळेत असेल. त्याच्या लेखी ही लाइन तिथून सुरू होते. मी त्याला सांगायला लागले. पण मोठ्या लाइनीवर डभोई फार लवकर येते. अर्धी गोष्ट सांगायची राहिली आणि तो उतरून गेला. ती राहिलेली गोष्ट मला महिनाभर झोपू देत नव्हती, म्हणून हे पत्र.

सुरुवात खंडेराव महाराज गायकवाडांपासून करावी लागते. त्यांचं नाव काढलं की आपल्याला हिरे, कुस्त्या आणि हत्तींची साठमारी आठवते. पण १८६२ साली डभोई ते मियागाम अशी रेल्वे त्यांनी टाकली, आणि ती आपल्या देशातली पहिली नॅरोगेज. कुठल्याही संस्थानानं स्वतःच्या मालकीची रेल्वे टाकण्याची ती पहिलीच वेळ. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, आजच्या हिशेबात ७६२ मिलिमीटर. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी. बी. अँड सी. आय. कंपनीची मोठी लाइन त्याच सुमाराला गुजरातेत पडत होती, तिच्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. मियागाम त्या मोठ्या लाइनीवर. डभोईच्या बाजूचा कापूस बैलगाड्यांनी तिथवर न्यायचा तर पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतायची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस विलायतेला पोचेनासा झालेला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. अशा वेळी अरुंद, हलकी, स्वस्तात होणारी लाइन टाकायचं ज्यांना सुचलं त्यांच्या व्यवहारबुद्धीला मी मानते.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्कॉटलंडची इंजिनं १८६३ साली आली, पण रूळ इतके हलके की त्यांना इंजिन पेलेना. मग काय केलं? बैल जुंपले! रुळांवरून डबे ओढत बैल चालले आणि अशी बरीच वर्षं गेली. १८७३ मध्ये जड रूळ टाकले, तरी इंजिनं नियमित चालायला १८८० साल उजाडलं. खंडेराव तोवर वारले होते, १८७० मध्येच. आपली रेल्वे वाफेवर धावताना त्यांना धडपणे पाहायला मिळालीच नाही. शाळेत पाचवीच्या मुलांना मी बैलांची ही हकिगत सांगायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता व्हायची. एका मुलीनं विचारलं होतं, बैलांना रुळांमधल्या फळ्या लागत नसतील का? अजून मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

डभोईहून बडोद्यापर्यंत, गोया गेटला, ही लाइन आली ती १८८० च्या सुमारास. सयाजीराव तेव्हा अजून शिकत होते. १८७५ साली कवळाण्याहून आणलेला तो मुलगा गादीवर बसला खरा, पण १८८१ च्या अखेरीपर्यंत कारभार पाहिला दिवाण सर टी. माधवरावांनी. माधवराव म्हणजे तंजावरचे मराठी. हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं, नावातल्या 'टी'मुळे लोक त्यांना मद्राशी समजतात. गोया गेटहून पुढे विश्वामित्रीला लाइन जोडली गेली आणि तिथं मोठ्या लाइनीशी गाठ पडली. डभोईचा माणूस विश्वामित्रीला उतरून मुंबईची गाडी धरू शकायला लागला.

सयाजीरावांच्या काळात या लाइनीला फाटे फुटत गेले. बोडेलीवरून छोटा उदेपूर, चांदोद, जंबुसर, मालसर. डभोई हे आशियातलं सगळ्यात मोठं नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखलं जायचं. १९१९ साली गोया गेटला रेल्वेच्या वर्कशॉपची पायाभरणी झाली, व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड त्यासाठी आले होते. माझे आजोबा त्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले. गायकवाडांची नोकरी, असं ते शेवटपर्यंत म्हणत. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, रेल्वे बी. बी. अँड सी. आय.कडे गेली, ५ नोव्हेंबर १९५१ ला पश्चिम रेल्वे झाली. गोया गेटचा तो परिसर शेवटचे महाराज प्रतापसिंहराव यांच्या नावावरून प्रतापनगर झाला. पगाराच्या कागदावरचं रेल्वेचं नाव दोन वेळा बदललं, पण आजोबांच्या तोंडची गायकवाडांची नोकरी काही बदलली नाही.

इथवरचं सगळं पुस्तकांत मिळतं. नीट शोधलं तर तारखा सापडतात. प्रतापनगरला रेल्वेनं हेरिटेज पार्क केलं आहे, तिथं जुनी छोटी यंत्रसामग्री मायेनं मांडून ठेवली आहे, आणि त्याबद्दल मी रेल्वेची मनापासून आभारी आहे. २०१८ साली गुजरातमधल्या पाच नॅरोगेज लाइनी वारसा म्हणून राखायचं रेल्वेनं ठरवलं, एकूण २०४ किलोमीटर. त्यांत डभोई–मियागाम होती, प्रतापनगर–जंबुसर होती, आणि बिलिमोरा–वघई होती, तीही गायकवाडांनीच टाकलेली. तेव्हा रूळ आणि इंजिनं यांची काळजी घेणारे आहेत.

माझं मागणं आपल्याकडे आहे. रेल्वेला जे जपता येत नाही ते आपल्या घरांत आहे, आणि ते दर दिवाळीच्या साफसफाईला थोडं थोडं बाहेर जातं आहे.

बाबा या लाइनीवर गार्ड होते. गार्डाकडे एक लोखंडी पेटी असायची. काळी, जड, दोन्ही बाजूंना कड्या, आणि वर पांढऱ्या रंगानं नाव आणि हुद्दा लिहिलेला. ड्यूटी लागली की पेटी गार्डाच्या डब्यात चढायची, ड्यूटी संपली की उतरायची. आमच्याकडे ती बाबांच्या निवृत्तीनंतर जिन्याखाली होती. तिच्यात काय काय होतं ते मला डोळे मिटून सांगता येतं. दोन झेंडे, लाल आणि हिरवा, काठीला गुंडाळलेले. हातदिवा, त्याची काच फिरवली की उजेड पांढऱ्याचा लाल, लालचा हिरवा. शिट्टी दोरीसकट. धोक्याचा इशारा द्यायला रुळावर बांधायच्या फटाक्यांचा पत्र्याचा रिकामा डबा, त्यात आई पुढे मेथीदाणे ठेवायची. आणि बाबांच्या स्वतःच्या वह्या. रेल्वेला भरून द्यायचा कागद वेगळा, तो ते देऊन टाकत. पण त्यातलंच स्वतःसाठी घरी उतरवून ठेवायची त्यांना सवय होती. तारीख, गाडी, इंजिन, ड्रायव्हरचं नाव, कुठे किती मिनिटं उशीर आणि का.

त्यातल्या काही ओळी मला पाठ आहेत, कारण लहानपणी मी त्या गोष्टीच्या पुस्तकासारख्या वाचायचे. 'थुवावी. म्हैस. ९ मिनिटे.' 'कुंढेला. प्रवासी बाई अडल्या, डब्यातच सुटका, मुलगी. २२ मिनिटे.' 'भिलुपूर. वादळ, झाड आडवे, प्रवाशांनी उचलले.' त्यांचं अक्षर बारीक, मोडीचं वळण लागलेलं. बाविसाव्या मिनिटाला जन्मलेली ती मुलगी आज साठीच्या घरात असेल. कुठे असेल, तिला हे कुणी सांगितलं असेल का, असं मला अधूनमधून वाटत राहतं.

ती पेटी आम्ही भंगारवाल्याला दिली. घराचं काम काढलं होतं, जिना पाडायचा होता, सामान ठेवायला जागा नव्हती. मी शाळेत होते, घरी आले तेव्हा पेटी गेलेली होती आणि वह्या पस्तीत, म्हणजे रद्दीत. घरातल्या कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण या वह्या वेगळ्या काढून ठेवा हे मी कधी कुणाला बोललेच नव्हते. मी त्या संध्याकाळी रावपुऱ्यातल्या तीन पस्तीवाल्यांकडे जाऊन आले. लोखंडाचे किलोवर पैसे मिळाले होते. वह्यांचे किती आले ते मी विचारलं नाही.

म्हणून मी आपल्याला म्हणते आहे की आत्ताच बघा. कुणाच्या जिन्याखाली अशी पेटी असेल. माळ्यावर पाहा, देवघराच्या खालच्या कप्प्यात पाहा, आजोबांच्या कोटाच्या खिशात पाहा.

या स्टेशनाचा खरा इतिहास ज्या गोष्टींत आहे त्या कुठल्याही सरकारी दप्तरात उतरलेल्या नाहीत. अपडाउन हाच शब्द घ्या. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना तो समजावून सांगावा लागतो. रोज गावाहून शहरात किंवा शहरातून गावाला नोकरीसाठी जाऊन-येऊन करणं म्हणजे अपडाउन, आणि ते करणारे अपडाउनवाले. मी स्वतः डभोईच्या एका शाळेत शिकवायला जायचे, अठरा वर्षं अपडाउन केलं. केलणपूर, कुंढेला, भिलुपूर, थुवावी, डभोई, ही नावं मला रामरक्षेसारखी पाठ आहेत. अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. पण त्या गाडीत वह्या तपासून व्हायच्या, वाटाणे सोलून व्हायचे, लोकरीचे मुलांचे स्वेटर विणून व्हायचे. डब्यात जागा ठरलेल्या. दूधवाल्यांच्या बरण्या दाराशी. छोटा उदेपूरकडून बांधकामाच्या कामाला येणारे राठवा आदिवासी, बायका-मुलांसकट, ताडपत्रीत संसार बांधलेला. होळी जवळ आली की तेच लोक उलट्या दिशेनं, नवे कपडे, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि डब्यात ढोल वाजत असायचा. मी कवांटची जत्रा कधी पाहिली नाही, पण जत्रेला निघालेली गाडी अठरा वेळा पाहिली.

छोटी गाडी इतकी हळू जायची की उतरून शेंगा तोडून परत चढता यायचं, असं आपल्याकडे हसून सांगतात. बाबांना ते अजिबात आवडत नसे. ते म्हणायचे, रूळ किती वजनाचा आहे, वळण किती आहे, खाली खडी किती आहे, त्यावर वेग ठरतो. तेवढ्याच वेगानं नेली म्हणून सगळी माणसं घरी पोचली. त्यांच्या बोलण्यातली कळकळ मला तेव्हा समजली नाही. आता वाटतं, आयुष्यभर माणूस एक काम मन लावून करतो आणि लोकांच्या लक्षात त्यातला विनोद तेवढा राहतो, हे त्यांना लागत असणार.

आणि चांदोद. आपल्या मराठी घरांचं या लाइनीशी जे नातं आहे ते बरंचसं चांदोदमुळे आहे. नर्मदेचा काठ, श्राद्धपक्षाची जागा. तिथून पुढे गरुडेश्वर, जिथं टेंब्येस्वामींनी १९१४ मध्ये देह ठेवला. दत्तसंप्रदायातली किती मराठी कुटुंबं पुण्या-कोल्हापूरकडून येऊन बडोद्यात नातेवाइकांकडे उतरायची आणि पहाटे गोया गेटला जाऊन चांदोदची गाडी धरायची. आमच्याच घरी आषाढाच्या सुरुवातीला, पुण्यतिथीच्या दिवसांत, ओटीवरसुद्धा गाद्या घालाव्या लागत. त्या पाहुण्यांसाठी आई रात्रीच दशम्या करून ठेवायची.

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही याच गाडीनं चांदोदला गेलो. मी सातवीत होते. बाबांनी त्या दिवशी मुद्दाम चांदोदच्या गाडीची ड्यूटी मागून घेतली. आपल्या वडिलांना आपणच पोचवायचं, एवढंच ते म्हणाले. तांब्याचा कलश, तोंडाला लाल फडकं बांधलेलं, मोठ्या काकांच्या मांडीवर. बाबा मागे, गार्डाच्या डब्यात, पांढऱ्या गणवेशात. प्रत्येक स्टेशनाला गाडी थांबली की ते प्लॅटफॉर्मवरून चालत आमच्या खिडकीपर्यंत यायचे, खिडकीतून हात घालून कलशाला लावायचे आणि परत जायचे. केलणपूरला, कुंढेल्याला, भिलुपूरला, थुवावीला. डभोईला गाडी बराच वेळ थांबली, तिथं त्यांनी आम्हाला चहा आणून दिला आणि स्वतः घेतला नाही. चांदोदला गाडी परत फिरायला वेळ होता. ते तसेच घाटावर आले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. विधी काकांनी केले. परतीच्या वेळी बाबांच्या पँटीच्या कडा ओल्या होत्या, नर्मदेची वाळू चिकटलेली, आणि तशाच अवस्थेत त्यांनी हिरवा झेंडा दाखवला. शिट्टी वाजवताना त्यांचा श्वास दोनदा कमी पडला. आजोबांनी ज्या लाइनीची चाकं दुरुस्त केली तिच्यावरूनच ते गेले. हे सगळं त्या दिवशीच्या सरकारी कागदात एका ओळीत लिहिलेलं असेल: गाडी वेळेवर.

आपल्यापैकी प्रत्येक घरात असं काही आहे याची मला खात्री आहे.

मात्र बोलायला बसलो तर फक्त अभिमानाच्या गोष्टी सांगून उठू नये, असं मला वाटतं. बडोद्याच्या मोठ्या स्टेशनाशी जोडलेली एक आठवण साऱ्या देशाला माहीत आहे. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन परदेशी शिकायला पाठवलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीवर इथं आले. जातीमुळे त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून ते कमाटीबागेत झाडाखाली बसले आणि तिथं त्यांना रडू कोसळलं. २३ सप्टेंबर हा दिवस आजही तिथं पाळला जातो, त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. त्या शहरात आपलीही घरं होती. तेव्हा छोट्या लाइनीच्या आठवणी काढताना तिथं पाणी कोण भरायचं, कुणाला वेगळ्या माठातून पाणी मिळायचं, गँगमन कोण होते आणि त्यांची वस्ती रुळापासून किती लांब होती, हेही विचारलं पाहिजे. आमच्या घरी आलेल्या गँगमनला आजी अंगणातच चहा द्यायची, वेगळ्या कपातून. तो कप मी पाहिला आहे. हेही मी त्या संध्याकाळी सांगणार आहे.

म्हणून माझी अशी विनंती आहे की बोलावणं फक्त आपल्या सभासदांना नको. लाइनीवर काम केलेल्या गुजराती, मुसलमान, राठवा, वाल्मीकी, सगळ्या घरांना बोलवा. ड्रायव्हरची, फायरमनची, पॉइंट्समनची घरं शोधा. फाटकवाल्यांना विसरू नका. बाबांच्या वह्यांमध्ये ड्रायव्हरांची जी नावं मला आठवतात त्यांतली अर्धीअधिक मुसलमान होती, आणि त्यांच्या घरी ईदेला आम्ही जायचो.

कामाची माहिती आधी लिहून घ्या, ती सगळ्यात लवकर नाहीशी होते. वाफेच्या इंजिनात कोळसा कुठल्या बाजूला किती टाकायचा, पाणी कुठे भरायचं, पावसाळ्यात रूळ घसरडे झाले की वाळू कशी सोडायची, चढावर गाडी अडली तर काय करायचं. हे माहीत असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. गेल्या दोन वर्षांत मी अशा तीन घरी सांत्वनाला गेले, आणि तिन्ही ठिकाणी परत येताना वाटलं की यायला उशीर केला. त्यांचे शब्दसुद्धा लिहा. घरी मराठी, स्टेशनात गुजराती, कामाचे शब्द इंग्रजीवरून वाकवलेले, अशी त्यांची एक स्वतंत्र बोली होती. आजोबा वॉशरला 'वायसर' म्हणायचे आणि चिडले की नातवंडांनासुद्धा 'ढिला वायसर' म्हणायचे.

फोटो असतील तर मूळ प्रत कुणाकडेही देऊ नका. तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढून घ्या, मागे नावं आणि साल लिहून ठेवा, मूळ परत घरी न्या. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे कॉलेजातल्या दोन मुलांना पाठवा. हे काम तरुणांनी करावं अशी माझी फार इच्छा आहे. त्या मेमूतल्या मुलासारख्यांनी. विचारायला तो लाजला नव्हता, हे मला फार आवडलं होतं.

जमलेलं सगळं कुठे ठेवायचं याचाही मी विचार केला आहे. सयाजीरावांच्या राज्यात १९१० नंतर फिरती ग्रंथालयं निघाली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. आजोबा सांगायचे, तसल्या पेट्या छोट्या गाडीत चढवताना त्यांनी पाहिल्या होत्या. आपणही तसंच करू. एक पेटी करू. तिच्यात लिहून घेतलेल्या आठवणींच्या छापील प्रती आणि फोटोंच्या प्रती. एका मंडळाच्या वाचनालयात महिनाभर, मग दुसऱ्या. डभोईला न्या, चांदोदला न्या. प्रतापनगरलाच वडोदरा विभागाचं मुख्य कार्यालय आहे. पेटी भरली की एक प्रत त्यांनाही नम्रपणे देऊ, आणि हेरिटेज पार्कात इंजिनांशेजारी एक कोपरा मिळेल का असं विचारू. रिकाम्या हातानं विचारायला जाण्यापेक्षा ते बरं.

पेटी लोखंडाची असावी, काळ्या रंगाची, दोन्ही बाजूंना कड्या. तिचा खर्च मी करीन. वर पांढऱ्या रंगात कुणा एकाचं नाव नको. 'गोया गेट' एवढंच लिहावं.

त्या संध्याकाळी मी एक गोधडी घेऊन येईन. बाबांचा एक झेंडा विटून फाटला होता, तो आईनं टाकून दिला नाही. तिनं त्याचे तुकडे करून माझ्या थोरल्या मुलाच्या गोधडीत लावले. एका कोपऱ्यात हिरवा चौकोन आहे, काठीला बांधायच्या नाडीच्या शिवणीची खूण अजून दिसते. घरात बाबांच्या नोकरीचं एवढंच उरलं आहे. मंडळाचं टेबल रिकामं असलं तर पहिली वस्तू म्हणून ती मांडा.

आपली,
अठरा वर्षं अपडाउन केलेली एक निवृत्त शिक्षिका
बाबाजीपुरा, बडोदे